घरीं घडविलेल्या यंत्राचा कणा

पश्चिम खानदेशांतील साक्री हें कान नदीकांठचें तालुक्याचें गांव सुरत-नागपूर महामार्गावर वसलेलें आहे. मालमोटारी, विहिरीवरचे पंप, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या यांची दुरुस्ती करावी, पत्र्याच्या शेडी उभाराव्या, लोखंडी दरवाजे करावे, अशा कामांवर चालणारे लहान कारखाने अशा गांवांतून असतातच. वेल्डिंगची सोय, भोंक पाडण्याचें यंत्र आणि एखादा जुना लेथ एवढ्या सामग्रीवर कुशल कारागीर पुष्कळ कामें निभावून नेतो. परंतु पंपाची ॲल्युमिनियमची बैठक तुटली किंवा एखाद्या शेतयंत्राची खांचेची पट्टी झिजली, आणि ती नेमक्या मापाची नवी करून हवी असली, म्हणजे त्याचें घोडें अडतें. असें काम मिलिंग यंत्रावर होतें. त्यासाठीं सुमारें पन्नास किलोमीटरवरचें धुळें गांठावें लागतें, आणि तेथेंहि जमलें नाहीं तर नाशिकची वाट धरावी लागते. उन्हाळी पिकाला पाणी द्यावयाच्या दिवसांत पंप दोन दिवस बंद राहिला तर काय होतें, तें शेतकऱ्यास सांगावयास नको.

म्हणून संगणकाच्या आज्ञेनें चालणारें मिलिंग यंत्र, ज्याला कारखान्यांत सीएनसी म्हणतात, तें घरींच बांधावें अशी कल्पना आज अनेक तरुणांच्या मनांत येते. ही कल्पना अव्यवहार्य नाहीं. पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम सुरू केला, तो हातानें काम करतां करतां शिकण्याच्या तत्त्वावरच. अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्यानें २००२ सालीं तेथें फॅब लॅब या नांवाची कार्यशाळा उभी राहिली, आणि खेड्यांतील मुलें संगणकानें चालणारीं यंत्रें हाताळूं लागलीं. जें पाबळला झालें तें साक्रीला कां होऊं नये, हा प्रश्न रास्त आहे. मात्र घरीं बांधलेलीं बहुतेक यंत्रें एका विशिष्ट ठिकाणीं कमी पडतात, आणि तें ठिकाण अगोदर ओळखलें नाहीं तर गांठीचा पैसा आणि वर्षभराची मेहनत वायां जाते. तें ठिकाण म्हणजे यंत्राची दृढता.

अशा यंत्राचे दोन भाग मानतां येतील. एक त्याची बुद्धि आणि दुसरें त्याचें शरीर. आंकड्यांच्या आज्ञेनें चालणाऱ्या मिलिंग यंत्राचें पहिलें जाहीर प्रात्यक्षिक १९५२ सालीं एमआयटीमध्यें झालें. त्याच्या मुळाशीं जॉन पार्सन्स या उद्योजकाची कल्पना होती. त्या वेळीं बुद्धीचा भाग म्हणजे शेंकडों निर्वात नळ्यांनीं भरलेलें अवजड कपाट होतें, परंतु शरीराची चिंता नव्हती. कारण सिनसिनाटी येथें बनलेलें, बिडाचें, भरभक्कम मिलिंग यंत्र आयतें घेऊन त्यालाच हें कपाट जोडलें होतें. आज स्थिति नेमकी उलट झाली आहे. २००५ च्या सुमारास इटलींत निघालेली आर्डुइनो ही नियंत्रणपट्टी आणि तिच्यावर चालणारी मोफत आज्ञावली यांमुळें बुद्धीचा भाग तळहातावर मावेल एवढा लहान आणि कोणालाहि परवडेल इतका स्वस्त झाला. शरीर मात्र लोखंडाचेंच राहिलें, आणि लोखंडाला आकार देण्याचे नियम पूर्वींचेच राहिले. आज्ञावली तारेवरून घरीं आणतां येते, यंत्राचा कणा तसा आणतां येत नाहीं.

हौशी कारागिराचा अनुभव साधारण असा असतो. लांकडावर नक्षी उत्तम उठते, प्लॅस्टिकची पाटी सुबक निघते, आणि त्यास हुरूप येतो. मग तो ॲल्युमिनियमची जाड पट्टी टेबलावर बांधतो. कटर धातूंत शिरतांच कर्कश आवाज होतो, कापलेल्या बाजूवर बारीक लाटा उठतात, चौकोनी खांच किंचित् तिरकी येते, आणि दोन-चार कटर तुटतात. दोष मोटारीचा समजून तो मोठी मोटार बसवितो, किंवा दोष आज्ञावलीचा समजून रात्रभर आंकडे बदलीत बसतो. वास्तविक मोटार योग्य त्या ठिकाणींच गेलेली असते. मोटार आणि कटर यांच्या मधलें यंत्र वांकल्यामुळें कटर तेथें पोंचलेला नसतो.

लोखंड वांकतें हें सामान्य माणसास चटकन् पटत नाहीं, कारण बळकटी आणि दृढता यांत आपण फरक करीत नाहीं. जी वस्तु मोठ्या भारानेंहि तुटत नाहीं ती बळकट. जी वस्तु भार पडला असतां अगदीं थोडी लवते ती दृढ. दोर बळकट असतो, पण त्याच्या अंगीं दृढता नसते. कांच दृढ असते, पण तिला बळकट म्हणतां येत नाहीं. घरगुती यंत्र मोडून पडल्याचें उदाहरण सहसा ऐकूं येत नाहीं, म्हणून बांधणाऱ्याला तें भक्कम वाटतें. परंतु मिलिंगच्या कामांत एक शतांश मिलिमीटरसुद्धां मोजला जातो, आणि माणसाच्या केसाची जाडी साधारणपणें सात-आठ शतांश मिलिमीटर असते. डोळ्यांना न दिसणारें लवणेंच येथें काम बिघडवितें.

लवण्याचे नियम घर बांधणाऱ्या सुताराला अनुभवानें ठाऊक असतात. धाब्याच्या घराची तुळई बसवितांना तो तिची अरुंद बाजू खालीं ठेवतो आणि रुंद बाजू उभी करतो. तीच फळी आडवी टाकली तर लवते, उभी ठेवली तर ताठ राहते, कारण दृढता ही उंचीच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. उंची दुप्पट केली कीं दृढता आठपट होते. लांबीचा नियम याच्या उलट आहे. दोन टेकूंमधलें अंतर दुप्पट झालें कीं तीच तुळई आठपट लवते. गोल दांड्याच्या बाबतींत जाडीचा परिणाम याहूनहि तीव्र असतो. तेथें जाडी दुप्पट केली असतां दृढता सोळापट होते.

हे नियम घरगुती यंत्राला लावून पाहावे. पुष्कळ नवशिके सरकता भाग सोळा मिलिमीटर जाडीच्या दोन पोलादी गोल दांड्यांवर बसवितात, आणि दांड्यांना फक्त टोंकांशीं आधार देतात. दांडे सहाशें मिलिमीटर लांब असतील, आणि मधोमध दहा किलोग्रॅमचा रेटा पडला, तर हिशेबानें ते सुमारें एकतृतीयांश मिलिमीटर लवतात. म्हणजे चार-पांच केसांच्या जाडीइतकी चूक केवळ दांड्यांमुळें झाली. त्या जागीं पंचवीस मिलिमीटर जाडीचे दांडे घातले तर तेंच लवणें सहा शतांश मिलिमीटरच्या आंत येतें. दांडे तेच ठेवून लांबी अर्धी केली तर तें चार-पांच शतांशांवर येतें. एक पैसाहि न खर्चितां केवळ यंत्र आंखूड केल्यानें आठपट लाभ झाला. आणि दांड्याऐवजीं चौकोनी पोलादी गाईड घेऊन ती सबंध लांबीभर जाड पायावर बोल्टांनीं आंवळली, तर टेकूंमधलें अंतर हा प्रश्नच उरत नाहीं.

यावरून पहिला धडा मिळतो. यंत्र हवें तेवढेंच लहान असावें. पंपाची बैठक तळहाताएवढी असतांना दारावरची नक्षीहि याच यंत्रावर करतां यावी म्हणून चार फूट लांबीचें टेबल घेणें म्हणजे दृढतेचा मोठा भाग आपल्या हातानें टाकून देणें होय. लांकडी दार आणि धातूचा सुटा भाग या दोन कामांना दोन निरनिराळीं यंत्रें असणें शहाणपणाचें आहे.

दुसरा धडा बलाच्या वाटेसंबंधीं आहे. कटर धातूला ढकलतो, त्याच क्षणीं धातु कटरला तितक्याच जोरानें मागें ढकलतो. हा रेटा कटरमधून स्पिंडलमध्यें जातो, तेथून वर-खालीं सरकणाऱ्या पाटीत, तेथून टेबलावर आडव्या असलेल्या कमानींत, कमानीच्या दोन पायांत, पायांतून बैठकींत, बैठकींतून टेबलांत, आणि टेबलावर आंवळलेल्या धातूपर्यंत येऊन वर्तुळ पुरें होतें. या वर्तुळांतील प्रत्येक भाग आणि प्रत्येक सांधा थोडाथोडा लवतो, आणि त्या सर्वांच्या लवण्याची बेरीज कटरच्या टोंकाशीं दिसून येते. म्हणून सर्व यंत्र सरसकट जाड करण्याचा मार्ग खर्चाचा आहे आणि फळहि थोडें देतो. वर्तुळांतील सर्वांत दुबळा दुवा शोधावा आणि प्रथम त्याचाच बंदोबस्त करावा.

हा दुवा शोधण्यास फार मोठी प्रयोगशाळा लागत नाहीं. शतांश मिलिमीटर दाखविणारा डायल गेज, तो धरून ठेवणारा चुंबकाचा स्टँड, आणि धान्य तोलण्याचा साधा ताणकांटा एवढें साहित्य पुरतें. यंत्र बंद ठेवावें, पण सरकत्या भागांच्या मोटारींत वीज असूं द्यावी, म्हणजे त्या जागच्या जागीं घट्ट राहतील. स्पिंडलची वीज मात्र पूर्ण तोडावी. स्पिंडलमध्यें कटरऐवजीं पोलादाची गुळगुळीत कांब बसवावी, तिला ताणकांटा अडकवून दहा किलोग्रॅमचा ओढा द्यावा, आणि टेबलावर उभ्या केलेल्या गेजवर कांब किती सरकली तें वाचावें. नंतर ओढा तोच ठेवून गेजची टोंकणी क्रमाक्रमानें स्पिंडलच्या घरावर, सरकत्या पाटीवर, कमानीवर, तिच्या पायांवर आणि बैठकीवर टेकवावी. दोन लगतच्या वाचनांमधील फरक हा त्या दोहोंमधल्या दुव्याचा दोष होय. ओढा काढल्यावर कांटा पूर्ववत् शून्यावर आला नाहीं, तर तेथें लवण्याबरोबर एखादा सांधा घसरतो आहे असें समजावें. हीच परीक्षा डाव्या-उजव्या, पुढच्या-मागच्या आणि वर-खालच्या अशा तिन्ही दिशांनीं करावी.

समजा, एखाद्या यंत्रावर एकूण सरकणें पन्नास शतांश भरलें. त्यांत कांब आणि तिची पकड यांचे दोन, स्पिंडलच्या बैठकीचे तीन, वर-खालीं सरकणाऱ्या भागाचे दहा, कमानीचे अठ्ठावीस, तिच्या पायांचे पांच आणि टेबलाचे दोन असा हिशेब निघाला. अशा वेळीं कारागिरानें हौसेनें टेबलाची जाडी वाढवून त्याची दृढता दुप्पट केली, तर पन्नासाचे एकूणपन्नास होतील. तोच खर्च कमानीवर करून तिची दृढता चौपट केली, तर पन्नासाचे एकोणतीस होतील. मग पुन्हां मोजावें. आतां सर्वांत दुबळा दुवा कमान राहिलेली नसून वर-खालीं सरकणारा भाग आहे, हें कागदावरच दिसेल. अशा रीतीनें एकेक दुवा घेत पुढें गेल्यास खर्च केलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब डोळ्यांसमोर राहतो.

बहुतेक घरगुती यंत्रांत कमानच प्रथम दोषी ठरते, आणि याला कारण आहे. स्पिंडल कमानीच्या पुढें लोंबत असतें आणि कटर तिच्याहून बराच खालीं असतो. त्यामुळें कटरच्या टोंकाशीं पडलेला रेटा कमानीला नुसता वांकवीत नाहीं, ओला कपडा पिळावा तसा पीळहि देतो. पीळ सोसण्याच्या कामीं बंद पेटीसारखा आकार सर्वांत उत्तम. शंभर मिलिमीटर बाजूची आणि पांच मिलिमीटर जाड पत्र्याची चौकोनी नळी घ्यावी आणि तिला एका कोपऱ्यावरून लांबीभर चिरावें. वजन जवळजवळ तेंच राहील, परंतु पिळाला विरोध करण्याची तिची शक्ति अडीचशेंपटींहूनहि अधिक घटेल. म्हणून उघड्या नाळीची, कोनाची किंवा सपाट पाटीची कमान कधींहि करूं नये. बंद नळी घ्यावी, तिचीं तोंडें पोलादी पाटी वेल्ड करून बंद करावीं, आणि स्पिंडल कमानीच्या जितकें जवळ व जितकें वर घेतां येईल तितकें घ्यावें. भरीव सळईपेक्षां पोकळ नळी वांकण्याच्या बाबतींतहि सरस ठरते. ऐशीं मिलिमीटर बाजूची, चार मिलिमीटर जाडीची चौकोनी नळी आणि तितक्याच वजनाची भरीव चौकोनी सळई यांची तुलना केली, तर नळी नऊपटींहून अधिक दृढ असते. धातु मध्यापासून जितका दूर तितका कामाचा, हेंच याचें रहस्य.

धातूची निवड हाहि महत्त्वाचा प्रश्न आहे. जोडणीला सोपे म्हणून ॲल्युमिनियमचे खांचदार खांब आज सर्रास वापरले जातात. त्याच आकाराच्या पोलादाच्या मानानें ॲल्युमिनियम तीनपट लवतें, आणि लांकूड तर साधारणतः वीसपट. बीड पोलादाच्या निम्म्याच्या आसपास दृढ असतें, पण त्याच्या अंगीं कंप गिळण्याचा मोठा गुण आहे. महाग, कठीण जातीचें पोलाद आणून मात्र कांहीं साधत नाहीं. तें तुटण्यास अधिक विरोध करील, परंतु लवण्याच्या बाबतींत बाजारांतल्या साध्या माइल्ड स्टीलहून तें फारसें वेगळें नाहीं.

याच हिशेबांत कटरची गणना प्रथम करावयास पाहिजे, कारण त्याची सुधारणा फुकट होते. पकडीबाहेर चाळीस मिलिमीटर निघालेला कटर वीस मिलिमीटरवर आणला तर त्याचें लवणें आठव्या हिश्श्यावर येतें. तीन मिलिमीटर जाडीच्या जागीं सहा मिलिमीटर जाडीचा कटर, बाहेर तितकाच ठेवून वापरला, तर तो सोळापट दृढ असतो. त्यानंतर सांधे पाहावे. रंग लावलेल्या दोन पृष्ठभागांमध्यें बोल्ट आंवळला तर रंगाचा थर गादीप्रमाणें दबतो. बोल्टाखालचे भाग घांसून स्वच्छ आणि सपाट करावे, एका जाड बोल्टाऐवजीं दूर दूर ठेवलेले चार बोल्ट घालावे, आणि कमान व पाय यांच्या कोपऱ्यांत त्रिकोणी पोलादी पाट्या द्याव्या. छपराच्या कैचीला जो त्रिकोण सांवरतो, तोच येथेंहि उपयोगी पडतो. स्क्रूच्या टोंकांच्या बेअरिंगमध्यें थोडीहि मोकळीक राहिली असेल तर बाकी सर्व दृढता फुकट जाते; तेथें बेअरिंगची जोडी एकमेकींवर किंचित् दाबून बसवावी लागते.

वेल्डिंग केलेला सांगाडा तापून थंड होतांना आंतल्या आंत ओढला जातो आणि वांकडा होतो, हें प्रत्येक वेल्डरला माहीत असतें. म्हणून टांके समोरासमोर, आळीपाळीनें, थोडे थोडे द्यावे. गाईड बसावयाच्या जागा वेल्डिंग पूर्ण झाल्यावरच धुळ्याच्या किंवा नाशिकच्या एखाद्या कारखान्यांतून मोठ्या यंत्रावर सपाट करून आणाव्या. हा खर्च टाळूं नये. बिडाच्या बाबतींतहि पूर्वींपासून अशीच काळजी घेतली जात असे. ओतीव बैठका ऊनपावसांत महिनेच्या महिने पडूं देत आणि त्यांतील ताण निघून गेल्यावरच त्यांना अखेरचा हात लावीत. महाराष्ट्रांतील यंत्रनिर्मितीची परंपरा याच बिडाच्या ओतकामांतून वाढली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांतील माळरानावर कारखाना घातला तो लोखंडी नांगरांसाठीं. पुढें १९४१ सालीं त्याच घराण्यानें हरिहर येथें लेथ बनविण्यासाठीं म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी काढली. नांगरापासून लेथपर्यंतची ही वाटचाल तीन दशकांची आहे, ही गोष्ट एका पावसाळ्यांत यंत्र पुरें करूं इच्छिणाऱ्यानें ध्यानांत ठेवावी.

येथवर विचार झाला तो स्थिर रेट्याचा. प्रत्यक्षांत कटर धातूला एकसारखा ढकलीत नाहीं, ठोके मारतो. दोन धारांचा कटर मिनिटाला बारा हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला चारशें ठोके पडतात. एका धारेनें धातूवर बारीकशी लाट सोडली कीं मागून येणारी धार त्या लाटेवरून जाते. तिला कोठें अधिक धातु लागतो, कोठें कमी, म्हणून तिच्यावरचा रेटा कमीजास्त होतो आणि लाट आणखी वाढते. कच्च्या रस्त्यावर मोटारी जाऊन जाऊन आडव्या लाटा तयार होतात आणि प्रत्येक नवी मोटार त्या लाटा अधिक खोल करते, तसाच हा प्रकार आहे. सुरुवातीला ऐकूं आलेला कर्कश आवाज तो हाच. यावर तात्कालिक उपाय म्हणजे खोली कमी करणें आणि फेऱ्यांचा वेग बदलून पाहणें. कायमचे उपाय दोन: दृढता वाढविणें, आणि कंप गिळणारा पदार्थ यंत्राच्या अंगांत घालणें.

या दुसऱ्या उपायासाठीं साक्रीच्या परिसराइतकी अनुकूल भूमि क्वचितच मिळेल. धुळें-नंदुरबार भागांत काळ्या खडकाच्या लांबच लांब भिंती जमिनींतून उभ्या राहिलेल्या दिसतात. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांना उभ्या भेगा पडल्या, त्यांत खालून शिलारस शिरला आणि तेथेंच थिजला. पुढें भोंवतालचा मऊ खडक झिजला आणि या भिंती उघड्या पडल्या. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. त्यांतील पुष्कळांचा दगड डोलेराइट या जातीचा आहे. यंत्रशाळांत मापें तपासण्यासाठीं ज्या काळ्या दगडी पाट्या असतात आणि ज्यांना बाजारांत ग्रॅनाइट म्हणतात, त्यांपैकीं अनेक वस्तुतः याच कुळांतल्या दगडाच्या असतात. दगड गंजत नाहीं, त्याच्या अंगीं वेल्डिंगचे ताण नसतात, आणि तो धातूपेक्षां कंप लवकर शमवितो.

दगडाचा उपयोग यंत्राच्या बैठकीसाठीं करण्याची कल्पना नवी नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या काळांत तोफगोळे कातण्यासाठीं लेथ तांतडीनें हवे होते, त्या वेळीं अमेरिकेंतील ल्युसियन योमन्स या अभियंत्यानें सिमेंट काँक्रीटच्या बैठकीचे लेथ बनविले. पुढें १९७० नंतरच्या दशकांत स्वित्झर्लंडमधील स्टूडर या कंपनीनें दगडाची खडी आणि इपॉक्सी राळ यांच्या मिश्रणाच्या बैठका आपल्या ग्राइंडिंग यंत्रांसाठीं ओतण्यास आरंभ केला. या मिश्रणांत वजनानें साधारण नऊ भाग धुऊन पूर्ण वाळविलेली लहानमोठी खडी व वाळू आणि एक भाग राळ असते. तें कंप बिडाहून अनेक पट अधिक शमवितें. मात्र पोलादाच्या मानानें तें पांच-सहा पट लवतें, म्हणून जाड आणि भरदार ओतावें लागतें. घरगुती कारागिरानें यासाठीं मोठे सांचे करण्याची गरज नाहीं. कमानीच्या व पायांच्या पोलादी नळ्या वेल्डिंग आटोपल्यावर या मिश्रणानें भरल्या तरी ठोकल्यावर घंटेसारखा येणारा नाद बद्द होतो. सिमेंट काँक्रीट स्वस्त पडतें, पण वाळतांना तें आक्रसतें आणि नळीच्या भिंतींपासून सुटतें. केवळ कोरडी वाळू गच्च भरली तरीहि थोडा लाभ होतो, मात्र त्यानें नळीची दृढता वाढत नाहीं.

येथें एक भ्रम दूर करावयास हवा. वजन म्हणजे दृढता नव्हे. बैठकीचें वजन वाढविलें तर यंत्र जागचें हलत नाहीं, तेवढा लाभ खरा आहे. परंतु जो भाग सरकतो त्याला नुसतें वजन बांधलें आणि त्याची दृढता तीच राहिली, तर तो अधिक सावकाश आणि अधिक वेळ हेलकावे खातो, आणि मोटारीलाहि त्याला ओढणें जड जातें. म्हणून बैठक जड आणि दृढ, सरकते भाग हलके पण दृढ, असें प्रमाण राखावें.

शेवटचा शत्रु खानदेशचा उन्हाळा. पत्र्याच्या शेडींत पहाट आणि दुपार यांच्या तपमानांत पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. एक मीटर लांबीचें पोलाद तेवढ्या फरकानें सुमारें अठरा शतांश मिलिमीटर वाढतें, आणि तेवढेंच लांब ॲल्युमिनियम सुमारें पस्तीस शतांश. ॲल्युमिनियमच्या खांबावर पोलादी गाईड घट्ट बांधली असेल, तर दोहोंच्या वाढण्यांतील तफावतीमुळें जोडी धनुष्यासारखी बांक घेते, आणि सकाळीं सरळ असलेली कमान दुपारीं सरळ राहत नाहीं. सांगाडा आणि गाईड दोन्हीं पोलादाचीं असणें, यंत्र उन्हाच्या झळीपासून दूर ठेवणें, आणि मापाचें काम सकाळच्या वेळीं करणें, हे साधे उपाय पुष्कळ काम भागवितात.

एवढें सर्व करूनहि घरीं बांधलेलें यंत्र कारखान्यांतल्या कित्येक टन वजनाच्या यंत्राची बरोबरी करणार नाहीं, आणि तशी अपेक्षाहि ठेवूं नये. पोलाद खोल कापण्याचा नेम असेल, तर एखादें जुनें, बिडाचें, हातानें चालणारें मिलिंग यंत्र विकत घेऊन त्यालाच मोटारी आणि नियंत्रणपट्टी जोडणें हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. १९५२ सालीं जाणत्या अभियंत्यांनींहि तोच पत्करला होता. ॲल्युमिनियम, पितळ आणि कठीण प्लॅस्टिक यांचीं लहान, अचूक कामें मात्र नीट बांधलेल्या घरगुती यंत्रावर थोड्या थोड्या खोलीनें खात्रीनें होतात. पंपाची बैठक याच जातीचें काम आहे. काम करतांना डोळ्यांवर चष्मा असलाच पाहिजे, कारण तुटलेल्या कटरचा तुकडा गोळीसारखा उडतो.

ज्यांच्या घरीं असें यंत्र अगोदरच उभें आहे, त्यांनीं नवी मोटार किंवा नवी आज्ञावली घेण्यापूर्वीं एका सकाळीं डायल गेज आणि ताणकांटा घेऊन बसावें, दुव्यांची यादी करावी, आणि प्रत्येक दुव्यासमोर त्याचे शतांश लिहावे. त्या यादींत ज्याचा आंकडा सर्वांत मोठा असेल, त्याच्यापासून कामाला सुरुवात करावी.